मैदानाबाहेरचा वस्ताद

खेळावरच्या लेखनाला आणि चित्रपटांना एक जुनी खोड आहे. शिट्टी वाजली की त्यांना जाग येते आणि गुलाल उधळून झाला की त्यांचा डोळा लागतो. मधल्या तास-दीड तासात जे घडते तेवढेच खेळाडूचे आयुष्य, असा त्यांचा समज असतो. महाविद्यालयात शिकणाऱ्या खेळाडूचे दिवसातले जेमतेम तीन तास मैदानावर जातात. उरलेले एकवीस तास तो कुणाचा तरी मुलगा असतो, खोलीचे भाडे थकलेला भाडेकरू असतो, अर्थशास्त्राच्या पेपरात अडकलेला विद्यार्थी असतो. या एकवीस तासांचा हिशेब ज्याच्या गळ्यात येऊन पडतो तो माणूस म्हणजे त्याचा प्रशिक्षक. हा मैदानाबाहेरचा प्रशिक्षक कलाकृतीत कसा आला आहे आणि आपल्याकडे तो का आलेला नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

त्यासाठी मी निवडलेल्या तिन्ही कलाकृती अमेरिकेतल्या आहेत. सीमाभागातल्या अंकात अमेरिकेतले बास्केटबॉल कशाला, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. महाविद्यालयीन खेळाचा एवढा मोठा बाजार जगात दुसरीकडे कोठे नाही. त्यामुळे दुखणे तेथे अंगावर ठसठशीत उमटलेले दिसते. आपल्याकडे तेच दुखणे आहे, पण ते अंगातच मुरलेले आहे, एवढाच काय तो फरक.

१

आधी दोन शब्दांकडे पाहू. आपला ‘वस्ताद’ हा ‘उस्ताद’चा अवतार. तालमीतला वस्ताद डावपेच शिकवतोच. पण पोराने किती दूध प्यायले, रात्री कुठे गेला, घरचे पत्र आले तेव्हा चेहरा का उतरला, हेही तोच पाहतो. तालमीत मैदान आणि मैदानाबाहेर अशी रेघ मारलेली नसते. ‘कोच’ हा शब्द मात्र फार मजेशीर वाटेने आला आहे. मूळ अर्थ घोडागाडी. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी आपल्या बोलीत तो शब्द खासगी शिकवणी घेणाऱ्या मास्तरांना लावला. कारण तो मास्तर विद्यार्थ्याला परीक्षेच्या पैलतीरी वाहून नेतो. मैदानावर हा शब्द नंतर आला. म्हणजे कोच हा जन्माने परीक्षेचा माणूस. आज महाविद्यालयीन कोचची सर्वांत मोठी पंचाईत परीक्षेमुळेच होते, हा शब्दाने घेतलेला सूडच म्हणावा लागेल.

तिसरा शब्द तितकासा निरागस नाही. ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा जोडशब्द १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या एन.सी.ए.ए. या महाविद्यालयीन क्रीडासंस्थेने रूढ केला. मैदानावर जायबंदी झालेल्या किंवा मृत्यू पावलेल्या खेळाडूच्या वतीने कामगार-भरपाईचे दावे न्यायालयात येऊ लागले होते. खेळाडू हा नोकर ठरला असता, तर भरपाई द्यावी लागली असती. तेव्हा त्याला आधी ‘विद्यार्थी’ म्हणायचे ठरले. संस्थेची सूत्रे अनेक वर्षे सांभाळणारा वॉल्टर बायर्स यानेच १९९५ साली लिहिलेल्या पुस्तकात ही हकिगत सांगून टाकली आहे. भाषेच्या अभ्यासकाने हे उदाहरण जपून ठेवावे. एका जोडशब्दाने काही पिढ्यांचे हक्क झाकून ठेवले. आणि त्या जोडशब्दातला संयोगचिन्हाएवढा अरुंद पूल राखत बसण्याचे काम प्रशिक्षकाकडे आले.

२

जॉन फाइनस्टीन या वॉशिंग्टनच्या पत्रकाराने १९८६ साली ‘अ सीझन ऑन द ब्रिंक’ हे पुस्तक लिहिले. इंडियाना विद्यापीठाचा बास्केटबॉल प्रशिक्षक बॉब नाइट याच्याबरोबर १९८५-८६ चा संपूर्ण मोसम तो राहिला. खेळाडूंच्या खोलीत, बसमध्ये, विमानात, बंद दाराआडच्या बैठकीत, सर्वत्र त्याला मुभा होती. नाइट हा त्या काळी गाजलेला आणि वाजलेला माणूस. १९८५ च्या फेब्रुवारीत चालू सामन्यात रागाच्या भरात त्याने मैदानावर खुर्ची भिरकावली होती. फाइनस्टीनला त्या खुर्चीमागचा माणूस पाहायचा होता, आणि तो त्याने पाहिला, यात शंका नाही.

पुस्तकाच्या आरंभीच डॅरिल थॉमस नावाच्या खेळाडूला नाइट सरावात अशा शिव्या देतो की तो धिप्पाड मुलगा रडू लागतो. फाइनस्टीन हे न लपवता सांगतो. त्याचबरोबर १९८१ साली अपघातात पांगळा झालेल्या लँडन टर्नर या खेळाडूसाठी निधी उभारणारा नाइटही तो आपल्याला दाखवतो. नाइटची मुले पदवी घेऊन बाहेर पडत. खेळाडूंना चोरून पैसे देऊन आणल्याचा ठपका त्याच्यावर कधी आला नाही. हा ताळेबंद मांडताना लेखकाचा तोल सांभाळलेला आहे, हा पुस्तकाचा मोठा गुण.

माझ्या मते पुस्तकातले सर्वांत अर्थपूर्ण प्रकरण सामन्याचे नाहीच, एका कॅलेंडरचे आहे. संघातला अव्वल खेळाडू स्टीव्ह आल्फर्ड याने विद्यार्थिनींच्या एका मंडळाच्या धर्मादाय कॅलेंडरसाठी फोटो काढू दिला. एक पैसाही घेतला नाही. तरीही विद्यार्थी-खेळाडूचे छायाचित्र विक्रीच्या वस्तूवर आले म्हणून त्याला एका सामन्यातून बाद करण्यात आले. तो सामना केंटकीविरुद्धचा, आणि इंडियाना तो हरली. त्याच मुलाच्या खेळावर विद्यापीठ तिकिटे विकत होते, दूरचित्रवाणी जाहिराती विकत होती. यातली विसंगती कुणाच्याही ध्यानात येईल. नाइट संतापला तो मात्र मुलावर: नियम ठाऊक असताना असे केलेसच कसे! येथे प्रशिक्षक हा नियमाचा पोलीसपाटील झालेला दिसतो. तो नियम कुणाच्या सोयीचा आहे, हा प्रश्न नाइट विचारत नाही.

दुर्दैवाने फाइनस्टीनही तो विचारत नाही. पुस्तकाची मर्यादा येथे आहे. त्याची नजर नाइटवरून हलत नाही. थॉमस रडला हे आपल्याला कळते. त्या रात्री तो खोलीवर जाऊन काय करतो, घरी फोन करतो की नाही, दुसऱ्या दिवशी वर्गात बसतो की नाही, हे कळत नाही. पुढच्या वर्षी, १९८७ मध्ये, इंडियानाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. अंतिम सामन्याच्या अखेरच्या क्षणी याच थॉमसने स्वतः घाई न करता चेंडू कीथ स्मार्टकडे दिला आणि स्मार्टने एका गुणाने सामना जिंकून दिला. शिव्यांमुळे तो हे शिकला की शिव्या खाऊनही शिकला? नाइटचे भक्त पहिले उत्तर देतात. मला दुसरे पटते. १९९७ च्या एका सरावात नाइटचा हात नील रीड या खेळाडूच्या गळ्यावर गेल्याची चित्रफीत २००० साली बाहेर आली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात विद्यापीठाने त्याला काढून टाकले. १९८६ च्या पुस्तकात जो ‘स्वभाव’ म्हणून आला होता, तो चौदा वर्षांनी ‘गुन्हा’ म्हणून वाचला गेला. माणूस तोच होता. बदलली होती ती वाचणाऱ्यांची नजर.

३

विल्यम फ्रीडकिन दिग्दर्शित ‘ब्लू चिप्स’ हा चित्रपट १९९४ चा. पटकथा रॉन शेल्टनची, नायक निक नोल्टी. पीट बेल हा एका काल्पनिक विद्यापीठाचा सचोटीचा प्रशिक्षक प्रथमच पराभवाचा मोसम पाहतो. चांगले खेळाडू इतर विद्यापीठे पैसे देऊन पळवत आहेत, हे त्याला ठाऊक आहे. मग तो तिघांच्या शोधात निघतो. शिकागोतल्या वस्तीत एक आई आहे. तिला धड घर आणि नोकरी हवी. इंडियानातल्या शेतावर एक बाप आहे. त्याला ट्रॅक्टर हवा आणि पोराला रोख रकमेची पिशवी. लुईझियानात एक अजस्र मुलगा आहे. तो काहीच मागत नाही, पण त्याला प्रवेशपरीक्षेत पुरेसे गुण नाहीत. बेल नाही म्हणतो आणि अखेर विद्यापीठाच्या एका धनाढ्य हितचिंतकाला ‘कर काय करायचे ते’ असे सुचवून मान फिरवतो.

कलाकृती म्हणून हा चित्रपट सामान्य आहे. शेवटी बेल पत्रकारांपुढे सर्व कबूल करून राजीनामा देतो, ते दृश्य नोल्टीने जीव ओतून केले असले तरी उपदेशपर झाले आहे. पण या चित्रपटाचा मधला भाग मला फार मोलाचा वाटतो. प्रशिक्षक दुसऱ्याच्या घरात खुर्चीच्या कडेवर बसून आईबापांशी बोलतो आहे, हे दृश्य यापूर्वी इतक्या सविस्तर कुणी दाखवले नव्हते. त्याला पोराची उंची दिसते, आईला पोराचे पोट दिसते. दोघेही ‘शिक्षण’ हा शब्द उच्चारतात आणि दोघांच्या मनात वेगळेच असते. बेलची घटस्फोटित पत्नी त्या अजस्र मुलाची शिकवणी घेते, तो भागही असाच. ही परीक्षा आपल्यासारख्यांसाठी बेतलेलीच नाही, हे त्याचे म्हणणे चित्रपट हसण्यावारी नेत नाही. आणि आपल्याच लाडक्या खेळाडूने पैसे घेऊन गुणांचा फरक कमी ठेवला होता, हे बेलला कळते तेव्हा त्याच्या संतापापेक्षा त्याचे एकाकीपण जास्त जाणवते. ज्या पोराला आपण ओळखतो असे वाटले, त्याच्या एकवीस तासांबद्दल आपल्याला काहीच ठाऊक नव्हते.

आज हा चित्रपट पुन्हा पाहताना एक विलक्षण अनुभव येतो. जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात एन.सी.ए.ए.च्या विरोधात एकमुखी निर्णय दिला. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर आणि चेहऱ्यावर उघडपणे पैसे मिळवता येऊ लागले. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीनुसार विद्यापीठांना आपल्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट वाटा देण्याची मुभा मिळाली. पहिल्या वर्षासाठी तिची मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर आहे. ज्या पिशवीसाठी पीट बेलचा आत्मा जळत होता, ती आता करारपत्रात बसते. मग त्याच्या पापाचे काय उरले? उरले ते एवढेच की तो खोटे बोलला. पैसे देणे हे पाप नव्हते. मुलाच्या घामावर इतरांनी मिळवावे आणि मुलाने मात्र पावित्र्य राखावे, ही व्यवस्था पापी होती. चित्रपटाला हे १९९४ मध्ये दिसले नाही, आणि म्हणूनच त्याची नैतिकता आज वरवरची वाटते.

पण म्हणून प्रशिक्षकाचे ओझे हलके झाले, असे समजण्याचे कारण नाही. आता मुलगा दरवर्षी विद्यापीठ बदलू शकतो; त्याच्याबरोबर दलाल असतो, करार असतो. व्हर्जिनिया विद्यापीठाला २०१९ चे विजेतेपद मिळवून देणारा टोनी बेनेट हा ऑक्टोबर २०२४ मध्ये, मोसम तोंडावर आला असताना, निवृत्त झाला. या नव्या वातावरणाला आपण योग्य माणूस नाही, असे त्याने सांगितले. जुन्या व्यवस्थेत मुलाला तोंड नव्हते. नवीत गुरुशिष्यांना चार वर्षे एकत्र राहण्याची निकड नाही. न्याय मिळाला, सहवासाचे काय, हा प्रश्न मागे राहिला.

४

तिसरी कलाकृती ‘हूप ड्रीम्स’ हा १९९४ चाच माहितीपट. स्टीव्ह जेम्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शिकागोतल्या विल्यम गेट्स आणि आर्थर एगी या दोन कृष्णवर्णी मुलांचा काही वर्षे पाठपुरावा केला आणि जवळजवळ तीन तासांचा पट उभा केला. मुले अद्याप शाळकरी आहेत, पण त्यांच्या प्रत्येक दिवसावर महाविद्यालयाची सावली आहे. उपनगरातली खासगी शाळा दोघांनाही खेळासाठी घेते. विल्यमला मदतीचा हात मिळतो. आर्थरच्या घरी शुल्क भरायला पैसे नाहीत. वर्षाच्या मध्येच त्याला शाळा सोडावी लागते आणि थकबाकीपायी त्याची कागदपत्रेही अडकून पडतात. आपल्याकडच्या वाचकाला ‘दाखला अडवणे’ हा प्रकार समजावून सांगावा लागणार नाही.

या चित्रपटाने जे साधले ते फाइनस्टीनला साधले नाही आणि फ्रीडकिनलाही नाही. कॅमेरा मुलाबरोबर घरी जातो. वीज तोडलेले घर, बापाचे येणे-जाणे, नर्सिंग सहायकाचा अभ्यासक्रम पुरा केल्यावर आईच्या डोळ्यांत आलेले पाणी, हे सर्व खेळाइतक्याच गांभीर्याने येते. विल्यम गुडघ्याच्या दुखापतीशी झगडतो, प्रवेशपरीक्षेचा किमान गुणांक गाठण्यासाठी पुनःपुन्हा बसतो, आणि त्याच वयात बापही झालेला असतो. घरची अडचण त्याने प्रशिक्षकाजवळ काढली तेव्हा घरच्यांना बाजूला सारण्याचा सल्ला मिळाला, असे तो सांगतो. प्रशिक्षक दुष्ट नाही. त्याला मैदान समजते. घर समजण्याची त्याला सवय नाही. मला हा चित्रपट तिन्हींत श्रेष्ठ वाटतो तो याच कारणाने. येथे प्रशिक्षकाचे मोजमाप त्याच्या भाषणावरून होत नाही, मुलाच्या घरच्या स्वयंपाकघरातून होते.

मात्र तिन्ही कलाकृतींना एक मोठी उणीव आहे. खेळाडू मुली त्यांत नाहीत. शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष भेद करू नये, असा कायदा अमेरिकेत १९७२ सालीच झाला होता. त्यानंतर हजारो मुली महाविद्यालयीन खेळात आल्या. मिशिगन राज्य विद्यापीठाचा संघ-डॉक्टर लॅरी नासर याला २०१८ साली झालेल्या शिक्षेने जगाला दाखवून दिले की मैदानाबाहेरच्या बंद खोलीत विश्वासाचे काय होऊ शकते. आपल्याकडे जानेवारी २०२३ मध्ये महिला मल्लांना दिल्लीत जंतरमंतरवर बसावे लागले. गुरूचा अधिकार जितका मोठा तितकी त्याच्यावर नजर हवी, हे सत्य गुरुपूजेच्या आपल्या परंपरेला पचायला जड जाते.

५

आता आपल्याकडे वळू. ‘चक दे! इंडिया’ (२००७) हा बांधेसूद चित्रपट आहे. भाषा, प्रांत, संसार असे मैदानाबाहेरचे अनेक प्रश्न तो मांडतो. पण त्या सर्वांची उत्तरे तो अखेर मैदानावरच देतो. संघ जिंकला की प्रश्न मिटले. ‘दंगल’मध्ये (२०१६) बापच प्रशिक्षक असल्याने घर आणि आखाडा यांतला झगडा दोघांत वाटला जातो. महाविद्यालय, परीक्षा, हजेरी हे आपल्या क्रीडाचित्रपटांच्या नकाशावरच नाही. मराठीत वि. वि. करमरकरांनी क्रीडापानाला प्रतिष्ठा मिळवून दिली. तरीही सर्जनशील लेखनाने प्रशिक्षकाकडे वळून पाहिल्याचे माझ्या वाचनात फारसे आले नाही.

विषय नाही म्हणून, असे म्हणता येणार नाही. खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. ही कथा आपण अभिमानाने सांगतो आणि तेथेच थांबतो. पुढची कथा तितकीच महत्त्वाची आहे. हेलसिंकीत जपानच्या शोहाची इशीबरोबरची लांबलेली कुस्ती संपते न संपते तोच खाशाबांना सोव्हिएत मल्ल रशीद मम्मदबेयोव याच्यासमोर उभे करण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये विश्रांतीचा हक्क होता. पण तो मागायला भारतीय पथकातला कुणी अधिकारी तेथे हजर नव्हता, असे त्यांच्या हकिगतीत पुनःपुन्हा नोंदलेले आहे. कांस्यपदक मिळाले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक. पण त्या दिवशी ज्या माणसाची उणीव होती तो डाव शिकवणारा नव्हे. नियमाचा कागद हातात घेऊन पंचाकडे जाणारा होता. घर गहाण टाकणारे प्राचार्य आणि जागेवर नसलेला अधिकारी या दोघांच्या मध्ये आपल्या क्रीडाजीवनाची सारी कादंबरी सामावली आहे. ती अजून लिहिली गेलेली नाही.

मी मराठीचा अध्यापक. पण जिमखाना समितीवर अनेक वर्षे काम केल्यामुळे आमच्या भागातल्या फिजिकल डायरेक्टरांचा संसार जवळून पाहिला आहे. इलिजिबिलिटी फॉर्मवरची जन्मतारीख दाखल्याशी जुळवणे, संघाचा डी.ए. वेळेवर न सुटल्यास खिशातून जेवण घालणे, ‘पोरगं धारवाडला खेळायला गेलंय, हजेरी धरा’ म्हणून प्राध्यापकांच्या विनवण्या करणे, हे त्यांचे रोजचे काम. सीमाभागाची म्हणून त्यात आणखी एक भर. मुलगा नाव नोंदवतो येथे, कुस्ती शिकतो कोल्हापूरच्या तालमीत. मग खेळायचे कुणाकडून? संमतीपत्र कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत. आईला वाचता येते ते मराठी. एका खो-खो खेळणाऱ्या मुलीच्या घरी असे संमतीपत्र घेऊन गेलेल्या फिजिकल डायरेक्टरांबरोबर मी होतो. त्यांनी ओळ न् ओळ मराठीत करून सांगितली. दुखापत झाल्यास महाविद्यालय जबाबदार नाही, या ओळीशी आई थांबली.

‘‘मग कोण हाय जबाबदार, सर?’’

‘‘मी हाय, वहिनी. पर कागदावर तसं लिवता येत नाही,’’ ते म्हणाले.

आईने अंगठा उमटवला नाही, सही केली. सावकाश, पूर्ण नावाची. वॉल्टर बायर्सच्या जोडशब्दापासून आल्फर्डच्या कॅलेंडरापर्यंत आणि पीट बेलच्या पिशवीपर्यंत जो प्रश्न तिन्ही कलाकृती चाचपडत शोधतात, तो त्या माउलीने चार शब्दांत विचारला होता. तिला मिळालेले उत्तर मोठ्या मनाचे होते यात शंका नाही. पण ते पुरेसे नव्हते. एका भल्या माणसाच्या शब्दावर व्यवस्था चालत असेल, तर तो माणूस निवृत्त झाल्यावर काय? खर्डेकरांसारखे प्राचार्य वंदनीय आहेत, परंतु दर पदकामागे एक घर गहाण पडावे, ही काही क्रीडानीती नव्हे.

म्हणून समीक्षक या नात्याने माझे मागणे दुहेरी आहे. आपल्या क्रीडाविषयक लेखनाने गुरूची आरती थांबवावी आणि त्याचा दिवस लिहावा: रजिस्टर, पावत्या, रात्रीच्या एस.टी.तला परतीचा प्रवास, दवाखान्याच्या बाकावर काढलेले तास. असे लेखन झाले तर नाइटसारख्यांच्या शिव्यांना आपण ‘शिस्त’ म्हणणार नाही, आणि गप्प राहून राबणाऱ्यांच्या कष्टांना ‘हौस’ म्हणणार नाही. या भागातल्या कुणा तरुण लेखकाने, शक्य तर स्वतः मैदानावर घाम गाळलेल्या लेखकाने, हे काम हाती घ्यावे. साहित्य त्याच्या दारातच पडलेले आहे. त्या संमतीपत्रांचा एखादा गठ्ठा सोडून वाचायला बसले, तरी पहिले प्रकरण हाती लागेल.